नाक वर केलेला ट्रक

अमेरिकेतला मराठी माणूस आधी घर घेतो, मग गवत कापायचं यंत्र घेतो आणि पन्नाशी ओलांडली की पिकअप ट्रककडे वळतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेला राहणाऱ्या आमच्या साडूंनी आयुष्यात लॅपटॉपपेक्षा जड काही उचललेलं नाही. तरी फोर्डचा एफ-१५० दारात आला. १९७७पासून अमेरिकेत पिकअपमध्ये सर्वाधिक खप फोर्डच्या याच मालिकेचा, त्यामुळे मोह एकट्या साडूंना झाला असं नाही.

पण ट्रकचं नाक खाली होतं. कारखान्यातून निघतानाच याची मागची बाजू थोडी उंच ठेवतात. हौदा भरला, ट्रेलर जोडला की मागचे पाटे दबतात आणि गाडी सपाट होते. ही उंची ओझ्यासाठी राखून ठेवलेली असते. साडूंना मात्र त्यात अपमान दिसला. "मान खाली घालायला मी काय चोरी केलीय?"

मग लेव्हलिंग किट आलं. नाव भारदस्त, वस्तू म्हणजे पुढच्या स्ट्रटच्या डोक्यावर बसवायची धातूची जाड चकती. नाक २ इंच वर. सोबत मोठे टायर. टायरचा घेर वाढला आणि ते गाडीच्या संगणकाला कळवलं नाही, तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी त्याहून जोरात पळत असते. साडू व्यवसायाने सॉफ्टवेअरवाले. त्यांनी कळवलं नाही.

आणि मग ७,००० पौंडांचा कॅम्पर जोडला. अशा ट्रेलरचे ७०० ते १,००० पौंड हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्यावर, येतात. मागची बाजू मटकन बसली. बैलगाडीत मागे पोती जास्त झाली की ती उलाळ होते आणि जू वर उठतं, तसा ट्रक आभाळाकडे बघू लागला. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाल्यामुळे सुकाणू नको इतकं हलकं झालं. टायर दिसायला रुबाबदार, पण कडांना मऊ. वळणावर ट्रेलर झोके घेऊ लागला. समोरून येणारे सगळे दिवे मिचकावत होते, कारण आमचे दिवे थेट त्यांच्या डोळ्यांत. साडू प्रत्येकाला हात करत होते. "फार प्रेमळ लोक आहेत हो इकडचे!"

घरी आल्यावर मेहुणीनं शिवणाची टेप काढली. नॉर्थ कॅरोलायनात मुद्दाम नाक वर करण्याची फॅशन इतकी बोकाळली की १ डिसेंबर २०२१पासून, पुढचा फेंडर मागच्यापेक्षा ४ इंच किंवा अधिक उंच होईल असा फेरफार केलेला ट्रक रस्त्यावर आणायला बंदी आहे. ओझ्यानं बसलेल्या गाडीला तो कायदा लागू नाही. पण हे मेहुणीला कोण सांगणार? तिनं गुडघे टेकून दोन्हीकडची मापं घेतली, किराण्याच्या यादीमागे लिहिली आणि यादी साडूंच्या हातात दिली. त्या यादीतलं वाणसामान त्या दिवशी आलं नाही.

पुढचं थोडक्यात. चकती निघाली, चाकांची अलाइनमेंट झाली, वजन पेलणारे दणकट एलटी टायर आले. हिचही बदलली: नव्या हिचच्या दोन ताठ दांड्या मागचा काही भार पुढच्या चाकांवर ढकलतात. ट्रेलर जोडण्याआधी पुढच्या फेंडरची उंची मोजायची, जोडल्यावर पुन्हा मोजायची आणि वर गेलेलं नाक खाली येईपर्यंत दांड्यांचा ताण वाढवायचा. हे मोजमाप आता मेहुणीकडे असतं.

चकत्यांची जोडी साडूंच्या गॅरेजात पडून आहे, स्वस्तात मिळेल. हवी असेल तर कळवा. फक्त मागे काय ओढणार आहात, ते आधी सांगा.