दीड टनाचे भाऊजी

भाऊजींशी हात मिळवायला गेलं की ते हात सोडत नाहीत. तसाच धरून गाडीत नेतात आणि एसीच्या जाळीपुढे नेऊन ठेवतात. "लागून राह्यलं ना?" लागत असो वा नसो, 'लागून राह्यलं' म्हणावं. नाही म्हटलं तर ते तिथल्या तिथे जाळी काढून धुवायला घेतात आणि बादली धरायचं काम आपल्याकडे येतं.

भाऊजी मूळचे सौसरचे. सासुरवाडी पांढुर्ण्याची आणि लग्नानंतर मुक्कामही इथेच, म्हणून ते अख्ख्या गावाचे भाऊजी आणि त्यांची बायको अख्ख्या गावाची ताई. सौसरला गेले की तेच भाऊजी 'काय बे' होतात. त्यामुळे ते तिकडे जातात ते मुख्यतः शनिवारी, जामसावळीला. तिथला मारुती पहुडलेला आहे. दर्शन आटोपल्यावर ताई पिंपळाखाली बसतात, आणि भाऊजी भर उन्हात गाडीच्या टपावर ओलं पोतं अंथरत उभे असतात.

गाडी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेली मिनीबस. वरून पांढरा रंग दिलाय, पण उन्हात नीट पाहिलं तर खालचा पिवळा दिसतो. आत दिवाण, शेगडी, भांडी घासायची मोरी, एवढासा देव्हारा. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिली काढून नवा जिल्हा झाला, तेव्हा भाऊजींनी दारावरचं 'जि. छिंदवाडा' खोडून 'जि. पांढुर्णा' असं रंगवून घेतलं. नंबरप्लेट मात्र अजून एमपी २८. पचमढीला जायचं, पंढरपूरला जायचं, असं म्हणत गाडी घेतली होती. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, हे ते मध्य प्रदेशात राहून अभिमानाने सांगतात. प्रवास मात्र पांढुर्णा ते जामसावळीच्या पुढे सरकत नाही, कारण एसी अजून 'सेट' व्हायचाय.

या जातीचा माणूस समजून घ्यायचा तर आधी कूलर समजून घ्यावा लागतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि हवा अशी कोरडी की धुतलेला टॉवेल दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत वाळतो. या हवेत कूलरइतकं शहाणं यंत्र नाही. एक पंखा, एक पंप, वुडवुलाच्या नाहीतर वाळ्याच्या ताट्या आणि टाकीभर पाणी. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, बस्स. मार्च लागला की घरोघरी ताट्या बदलायच्या, पंपातला कचरा काढायचा, बसला तर एक थाप द्यायची. या थापेवर इथल्या तीन पिढ्या इंजिनिअर झाल्या. मग एसी आला. बंद खोका, तांब्याच्या बंद नळ्या, थाप मारायला जागाच नाही. घरात एसी बसला तेव्हा बेरोजगार झालेल्यांपैकी भाऊजी एक. गाडीने त्यांना पुन्हा कामाला लावलं.

गाडीच्या मागच्या भिंतीला भोक पाडून त्यांनी दीड टनाचा विंडो एसी बसवला. ही बातमी फुटली तेव्हा शेजारचे आजोबा काळजीने विचारून गेले, "दीड टनानं पाटा बसणार नाही का?" भाऊजींनी त्यांना खुर्ची दिली आणि टन म्हणजे काय ते सांगितलं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता बाहेर फेकणारं यंत्र ते एक टनाचं. हिशेब बर्फाच्या काळापासून चालत आलाय. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि जाताना मागच्या चाकांकडे एकदा पाहिलंच.

पहिला उन्हाळा फुकट गेला. गाडी थंडच होईना. गावाचं निदान एकमुखी होतं: गॅस संपला. इथे भाऊजींची बाजू घेतली पाहिजे, कारण ते एकटे बरोबर होते. "गॅस काय पेट्रोल आहे का संपायला? बंद नळीत फिरून राह्यला तो. कमी झाला तर गळती आहे. आधी गळती शोधा, मग भरा." चहाच्या टपरीवर हे व्याख्यान इतक्यांदा झालंय की आता पोट्टे पुढचं वाक्य आधीच म्हणतात. खरं कारण निघालं ते वेगळंच. भाऊजींनी एक खिडकी बोटभर उघडी ठेवली होती, 'हवा खेळती राहावी' म्हणून. कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. हे त्यांना कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं.

खिडकी बंद झाल्यावर विद्येला बहर आला. टपाला आतून फोम, बाहेरून पांढरा रंग. काचांना चंदेरी पत्रे, तेही बाहेरून, कारण पडदा आतून लावला तर ऊन काच ओलांडून घरात आलेलंच असतं. चंदेरी गाडी उन्हात उभी राहिली की समोरचा दुकानदार डोळ्यांवर हात घेतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमारीची दगडफेक सुरू झाली की भाऊजी गाडी जामसावळीला हलवतात. दगड एवढ्या दूर येत नाहीत, पण पत्र्यावरचा ओरखडाही त्यांना सोसत नाही.

त्यांच्याकडे तापमापी दोन. एक एसीत शिरणाऱ्या हवेला, एक बाहेर पडणाऱ्या हवेला. दोहोंत आठ ते अकरा अंशांचा फरक पडला की यंत्र निरोगी. आता गाडी आत बेचाळीस अंशांवर तापली असेल तर पहिली झुळूक बत्तिसाचीच येणार, त्यात एसीचा काय दोष? पण पाहुण्याला मनाली हवी असते. तो रिमोट उचलून थेट १६ वर आणतो. १६ केल्याने हा साधा एसी लवकर थंड करत नाही, फक्त उशिरा थांबतो, हे सांगून भाऊजींचा घसा बसला. हल्ली रिमोट देव्हाऱ्यात असतो. तिथे चप्पल घालून कोणी हात घालत नाही.

संत्र्याच्या एका व्यापाऱ्याने त्यांना सरळ विचारलं, "भाऊजी, आम्ही माल रात्री काढतो. तुम्ही दुपारी काहून निघता?" भाऊजी म्हणाले, रात्री निघालो तर एसीची परीक्षा कशी होणार?

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, तेव्हापासून त्यांचं कार्यक्षेत्र नागपूर-बैतूल रस्त्यावरच्या ढाब्यांपर्यंत वाढलंय. ड्रायव्हर बिचारा खाटेवर डोळा लावतो तोच उशाशी आवाज येतो, "कंडेन्सर केव्हा धुतला होता?"

आणि एवढं सगळं करूनही गाडी फार थंड होत नाही. भाऊजींना गारव्यापेक्षा साक्षीदार जास्त लागतात. बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता सोडतो. दहा जण पाहायला आले की किलोवॅट झाला, म्हणजे दीड टनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पाहुण्यांनीच खाल्ला. शिवाय एकेकासाठी दार उघडायचं. ताईंनी हे एकदा गुणाकार करून दाखवलं. भाऊजींनी मान्य केलं आणि त्यावर उपायही काढला: आतल्या तापमापीचा मोठा काटा बाहेरून दिसेल असा काचेला लावला, खाली पाटी, 'पाहा, पण दार उघडू नका.'

परवा बसस्टँडजवळ गाडी उभी होती. काटा २६ वर. काचेशी चार-पाच जण वाकलेले.

"काटा अटकला असन भाऊजी."

"अटकला?" भाऊजींनी दार सताड उघडलं. "या, आत या सगळे. हात लावून पाहा!"