पडद्यावरची सावत्र मावशी

माझं माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं. माहेरी मांजरं, सासरी कुत्री. पत्रिका जुळवताना गुरुजींनी नाडी पाहिली, गण पाहिले, मंगळसुद्धा पाहिला. एवढी एकच गोष्ट तपासायची राहून गेली. त्यामुळं आमच्याकडं टीव्ही लागला की घरात दोन पक्ष पडतात.

सासरच्या पक्षामागं थेट इतिहास उभा आहे. संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा खंड्यानं महाराजांना वाचवलं, म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, हे अशा चेहऱ्यानं सांगतात, की त्या जहागिरीतले दोन-चार बिघे यांच्याही नावावर असावेत. शिवाय देवही त्याच पक्षाला. पालीच्या खंडोबाबरोबर कुत्रा आहेच आणि औदुंबरच्या दत्ताच्या तसबिरीत तर चार. औदुंबर सांगली जिल्ह्यात; म्हणजे माहेरचा देवही फितूर! मी एकदा षष्ठीदेवीचं वाहन मांजर असल्याचं काढून पाहिलं. अण्णा शांतपणे म्हणाले, “असंल. पण सिनेमात कधी बघितलं न्हाई.”

इथं बोलती बंद. कारण पडद्यावर कुत्र्याची बडदास्त जावयासारखी. १९८५च्या ‘तेरी मेहरबानियाँ’त जॅकी श्रॉफ मरतो आणि त्याचा कुत्रा मोती एकेका बदमाशाला गाठून सूड उगवतो. पोलीस शेवटी येतात, तेव्हा त्यांना करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. १९९४च्या ‘हम आपके हैं कौन’मध्ये टफी एक चिठ्ठी बरोबर हातात नेऊन देतो आणि ठरलेलं लग्न फिरवतो, वर त्याला वाट दाखवायला साक्षात श्रीकृष्ण. २००३मध्ये हचच्या जाहिरातीत एक पग एका पोराच्या मागं मागं चालला. काही केलं नाही, नुसता चालला. तेवढ्यावर गावोगावी पग आले. साताऱ्यात पोवई नाक्यापर्यंत फिरायला नेलेला पग परतताना मालकाच्या कडेवर असायचा, पण जाहिरातीत चालला होता ना, झालं तर!

आणि मांजर? ‘आहट’सारख्या मालिकांत वीज जायची, दार करकरायचं, स्वयंपाकघरात भांडं पडायचं. बाई घाबरत बघायला जायची, तर मांजर. ती हुश्श म्हणायची, आणि मग खरं भूत यायचं. म्हणजे भुताआधी येऊन मैफल तापवायची हिनं, आणि टाळ्या भुताला. टॉम बिचारा १९४०पासून मार खातोय. त्या मालिकेला सात ऑस्कर मिळाले, त्याला मलमपट्टीसुद्धा नाही. सज्जन निघाला तो एक डोरेमॉन. तोही बाविसाव्या शतकातला यंत्रमानव, कान उंदरानं कुरतडलेले आणि उंदराला बघून पळणारा. मांजरपण सगळं काढून घेतलं, तेव्हा कुठं चांगुलपणाचं सर्टिफिकेट मिळालं.

असं का होतं, ते मला साताऱ्यानंच दाखवलं. ‘लागिरं झालं जी’ आणि ‘देवमाणूस’पासून इथल्या खेड्यापाड्यांना शूटिंगचं अप्रूप उरलेलं नाही. नणंदेच्या गावात असंच एका मालिकेचं शूटिंग लागलं होतं. प्रसंग साधा: नायिका पूजेचं ताट घेऊन निघते, मांजर आडवं जातं, ती दचकते. मांजर पिंजऱ्यातून आणलं होतं. पलीकडच्या पायरीआड सुकट ठेवली होती. “ॲक्शन!” झालं. मांजर अंगणाच्या मधोमध आलं, बसलं, मागचा एक पाय झेंड्यासारखा वर केला आणि चाटायला लागलं. ताट धरून नायिकेचे हात भरून आले. दुसऱ्या खेपेला ते आडवं न जाता सरळ कॅमेऱ्याकडं आलं आणि वायरीवर अंग घासून परत फिरलं. मग मात्र मागच्या बाजूनं जाऊन सुकट खाल्ली आणि कौलांवर जाऊन बसलं.

दिग्दर्शक वैतागले, “अरे, तिला आडवं जायचंय!”

मांजरवाला म्हणाला, “तिला कळलंय साहेब, म्हणूनच जाईना.”

गावातलं एक पांढरं कुत्रं मात्र न बोलावता सकाळपासून हजर होतं. प्रत्येक “ॲक्शन”ला शेपूट हलवत होतं, प्रत्येक “कट”ला कान पाडत होतं. भाग लागला तेव्हा नायिका दचकली, मागून ‘म्याँव’ असा आवाज आला, मांजर कुठंच नव्हतं. तुळशीवृंदावनाजवळ पांढरं कुत्रं मात्र ठसठशीत दिसत होतं.

मांजर म्हणजे वाघाची मावशी. त्या वाघाचे खेळ करायला आपल्याकडं १९९८च्या अधिसूचनेनं बंदी आली. म्हणजे भाच्याला सरकार परवानगी देत नाही, आणि मावशीला दिली तरी ती काम करत नाही. घराणंच तसलं.

खरं सांगायचं तर पडद्याला प्राणी नको असतो, भक्त हवा असतो. कुत्रा मान वर करून बघतो तेव्हा मालक आपोआप नायक होतो. मांजर बघतं तेव्हा तोच मालक भाडं थकलेल्या भाडेकरूसारखा दिसतो. असला नायक कुठल्या वाहिनीला परवडेल?

सांगलीला गावभागात आमच्याकडं जुना डबा टीव्ही होता. वरून छान ऊब यायची, म्हणून मनी त्याच्यावरच झोपायची. संध्याकाळच्या बातम्यांत निवेदिकेच्या बरोबर नाकावर मनीची शेपटी लोंबायची. मॅच असली की वडील दोन बोटांनी शेपटी उचलून धावा बघायचे आणि पुन्हा हळूच खाली सोडायचे. तिची झोप मोडायची त्यांची टाप नव्हती. पुढं भिंतीवरचे चपटे टीव्ही आले. पडद्याच्या आत तर हिला कधी घेतलंच नव्हतं, वरची हक्काची जागाही काढून घेतली.

म्हणून परवा मी घरात जाहीर केलं, की एक मालिका मांजरावरच निघायला पाहिजे. अण्णा हसले. “त्यात दाखवणार काय? पहिल्या भागात झोपलं. दुसऱ्या भागात कूस बदलली. तिसऱ्या भागात उठून दुसऱ्या खोलीत जाऊन झोपलं. कोण बघंल?”

सासूबाई मटार सोलत होत्या. टीव्हीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “मी बघीन की. ह्या मालिकेत सूनबाई आठ दिवस झालं नुसता जिनाच उतरतीय.”