मागील पानावरून पुढे

भाऊकाकांना कुणी ‘कसे आहात?’ असं विचारलं की ते गाडीची तब्येत सांगतात. ‘कालपासून जरा खोकतेय. सकाळी उठायला त्रास होतो. पण एकदा अंग गरम झालं की काही नाही.’ नवखा माणूस काकूंकडे काळजीने बघतो. काकूंना याची आता सवय झाली आहे.

गाडी 2010 ची. डिझेल, चार दरवाजे, मागे ऐसपैस डिकी. कागदोपत्री रंग ‘शँपेन’ असला तरी आता तो उकडलेल्या शेंगेच्या टरफलासारखा दिसतो. काका एका बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झाले. दुसऱ्यांच्या वह्यांतले चार आणे शोधण्यात त्यांची हयात गेली. गाडी त्यांनी हौसेने नव्हे, हिशेबाने घेतली. तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं. 2012 च्या सुमारास तर लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक पडला होता, आणि त्या वर्षी काका सोसायटीत असे हिंडायचे की जणू दर त्यांनीच ठरवून घेतलेत. ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारने डिझेलचे दर बाजारावर सोडले. तो फरक आज जवळजवळ निम्म्यावर आला आहे, पण काकांच्या बोलण्यात अजून 2012 चाच चालू आहे.

त्यांच्याकडे गाडीची एक वही आहे. डाव्या पानावर डिझेल: तारीख, लिटर, किलोमीटर आणि अ‍ॅव्हरेज, दशांशाच्या दोन घरांपर्यंत. 19.84 चं 19.61 झालं की टायरमधली हवा तपासली जाते. प्रत्येक डाव्या पानाखाली बेरीज आणि सही. उजव्या पानावर मथळा आहे ‘किरकोळ’. या किरकोळात क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मजुरीसकट 9,800, टर्बो खोलून दुरुस्त 18,500 आणि वायपरचं रबर 120 अशा नोंदी गुण्यागोविंदाने नांदतात. उजव्या पानाखाली बेरीज नाही. ऑडिटरच्या वहीत बेरजेविना पान मी हे एकच पाहिलं.

गाडी चालू करणं हा विधी आहे. चावी अर्धी फिरवायची, वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेटतं. थंडीत त्या हवेला हीटर प्लगचा शेक द्यावा लागतो. चार सिलिंडरना चार प्लग. एखादा मेला की इंजिन तीन पायांच्या खाटेसारखं डुगडुगतं, आणि आमच्या खिडक्यांची तावदानं त्याला साथ देतात.

ते प्लग बदलताना मी हजर होतो. मिस्त्रीने आदल्या दिवशीच बुडाशी तेल सोडून ठेवलं होतं. सकाळी इंजिन गरम केलं आणि पान्हा लावला, पण जोर लावला नाही. थोडा उलटा, पुन्हा थोडा सुलटा, पुन्हा उलटा. प्लग आत मोडला तर हेड उतरवावं लागतं, आणि सातशेचं काम वीस हजारांत जातं. काका श्वास रोखून उभे. तिसरा प्लग चरचरला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. चारही सुखरूप बाहेर आले. काळे, टोकाशी काजळी धरलेले. काकांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणले. ते आजही शोकेसमध्ये, नातवाच्या कॅरम ट्रॉफीशेजारी आहेत.

धूर बघून ते निदान करतात, तेही आपल्याच गाडीचं नव्हे. सिग्नलला पुढच्याची काच वाजवून सांगतात, ‘काळा येतोय. एअर फिल्टर बघा, नाहीतर इंजेक्टर.’ निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा सकाळचा चालतो. गाडी तापल्यावरही पांढराच राहिला तर पाणी आत शिरतंय, हेड गॅस्केट गेलं. ही विद्या त्यांना कुणी शिकवलेली नाही. प्रत्येक रंगाची फी त्यांनी उजव्या पानावर भरलेली आहे.

इंजेक्टरबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली येतो. ‘टायरमध्ये हवा दोन-सव्वादोन बार. इंजेक्टरमागे डिझेल हजार बारच्या वर! तिथे पाण्याचा थेंब गेला तर काय होईल?’ काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे. चौघांची साफसफाई आणि टेस्टिंग, 11,200. तेव्हापासून ते डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढतात आणि बाटली उजेडात धरून बघतात. पॅथॉलॉजीवाला असं निरखत नसेल.

त्यांचा पराक्रमाचा दिवस मात्र खंबाटकी घाटातला. साताऱ्याला लग्न होतं, मीही गाडीत होतो. चढावर ‘फस्स’ झालं, पिकअप गेला, मागे काळा ढग. मला वाटलं, आटोपलं. काका आनंदाने उतरले. आनंदाने हा शब्द मी जपून वापरतोय. टर्बोकडून येणारा हवेचा पाइप निसटला होता. डिकीतून पान्हा आणि क्लिप काढली, फेट्यासाठी आणलेल्या कापडाने पाइप पुसला, दहा मिनिटांत बसवला. ‘शोरूममध्ये अख्खा पाइप बदलून साडेसहा हजार घेतले असते. ही क्लिप साठ रुपयांची!’ मुहूर्त चुकला, जेवण मिळालं. वर्षभर आम्ही लग्नाबद्दल काही ऐकलं नाही, क्लिपबद्दल ऐकलं.

पंधरा वर्षं झाली तेव्हा मुलाने बंगळुरूहून फोनवर सांगितलं, आता काढून टाका. काकांनी उलट पासिंगची तयारी केली. फेरनोंदणीची फी पाच हजार, वर पर्यावरण कर. पासिंगआधी लोअर आर्म, लिंक रॉड, हेडलाइटच्या काचा. पाच वर्षांचा परवाना मिळाला त्या दिवशी त्यांनी सोसायटीत पेढे वाटले.

त्याच रात्री काकूंनी वही घेतली आणि उजव्या पानांची बेरीज केली. पेन्सिलीने. सकाळी मी गेलो तेव्हा काका टेबलाशी बसले होते. पानाखाली आकडा होता 2,86,410. काकू शांतपणे मेथी निवडत होत्या.

काकांनी चष्मा लावला. पहिल्या पानापासून बोट लावत, ओठ हलवत खाली आले. फार वेळ लागला. मध्ये दोनदा चहा झाला.

‘चुकलंय,’ ते शेवटी म्हणाले.

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

‘मार्च 2019. फॅन बेल्ट. तीनशे चाळीस राहिलेत.’ त्यांनी पेन्सिलीचा आकडा खोडला, शाईने 2,86,750 लिहिले, सही केली, आणि खाली ‘पुढे नेले’ असं लिहून पान उलटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘चल, नाना पेठेत जाऊन येऊ. इंजिनचं एक फाउंडेशन बसलंय, आवाज येतोय.’

काकूंनी त्यांच्या हातात पिशवी दिली. ‘येताना कोथिंबीर आणा. आणि ढकलत येणार असाल तर तसा फोन करा, कुकर उशिरा लावते.’