दुनळी निघाली जमा व्हायला

आमच्या मामांची बंदूक आजवर चालली ती फक्त गाडीतून. आधी राजदूतवर पाठीला, मग जीपमध्ये, आता भाच्याच्या ऑल्टोत. नळीतून चाललेली कुणीच पाहिलेली नाही. दुनळी, बारा बोअर, परवान्यावर कारण लिहिलंय ‘पीक संरक्षण’. मंद्रूपच्या पलीकडं मामांची द्राक्षबाग आणि थोडा ऊस. पण संरक्षण करायचं कुणापासून, हा प्रश्न १९७२च्या वन्यजीव कायद्यानं अवघड करून ठेवला आहे. मोर मारायचा नाही, काळवीट मारायचं नाही. रानडुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि ती येईपर्यंत डुकरांची पुढची पिढी त्याच उसात लहानाची मोठी होते. राहिली बागेतली पाखरं. त्यांना गडी गोफणीनं उठवतो. बंदूक घरात भिंतीला असते आणि बंदुकीचा मालक चौकात असतो, दोघांचाही दरारा असतो, असं मामा मानतात.

पूर्वी दर तीन वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण असायचं. त्या निमित्तानं बंदूक सोलापूरची हवा खाऊन यायची. २०१९च्या दुरुस्तीनं परवाना पाच वर्षांचा झाला, तेव्हा बाकीचे परवानाधारक खूश झाले आणि मामा हिरमुसले. लोकांना बंदूक दिसायची कधी मग? उरल्या निवडणुका.

२०२४च्या १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आचारसंहितेत पुढाऱ्यांचे फलक झाकतात आणि परवानाधारकांच्या बंदुका जमा करतात. मात्र सरसकट नाही. कुणाची जमा करायची ते छाननी समिती ठरवते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, निवडणुकीच्या दंग्यात नाव आलेले, यांचा नंबर आधी. बँकेच्या रखवालदाराला सूट, रायफल असोसिएशनच्या नेमबाजाला सूट. सरकारी हिशेब सरळ आहे: ज्याची भीती, त्याची बंदूक जमा. गावात तोच हिशेब उलटा वाचतात: ज्याची जमा करून घेत नाहीत, त्याला कोण भितंय?

वरल्या गल्लीतल्या पाटलांना नोटीस आली आणि मामांना आली नाही, तेव्हा मामांचं जेवणावरचं लक्ष उडालं. “आपल्याला काय भजनी मंडळात धरलंय का?” असं ते भाकरी मोडता मोडता विचारायचे. शेवटी आली एकदाची. जुन्या ग्रामपंचायत निवडणुकीत बाचाबाची झाली होती, त्यात मामांचं नाव शेवटून दुसरं होतं. पुढं सगळेच निर्दोष सुटले, पण सरकारी कागदाची स्मरणशक्ती दांडगी. मामांनी ती नोटीस दारात खुर्ची टाकून तीनदा मोठ्यानं वाचली. तिसऱ्यांदा ऐकायला फक्त दूधवाला होता.

अडचण पुढंच होती. उन्हाळ्यात मामा-मामी जुळे सोलापुरात मुलाकडं राहतात आणि बंदूकही कुटुंबासोबत येते. ठाणं मात्र गावाकडचं. आता मामांच्या हातात दोन कागद. नोटीस म्हणते, हत्यार घेऊन ठाण्यात हजर व्हा. दुसरा, वर्तमानपत्रात छापून आलेला मनाई आदेश, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७चा. तो म्हणतो, बंदूक, तलवार, भाला, सोटा बाळगून फिरायचं नाही. दगड जमवायचे नाहीत, आणि ते फेकायचं साधनही जवळ ठेवायचं नाही. म्हणजे गोफणही गेली. गड्यानं ऐकलं आणि त्या दिवशी तो पाखरांना नुसत्या शिव्या देत फिरला.

“म्हणजे नेली तर गुन्हा, नाय नेली तरी गुन्हा?” मामींनी विचारलं. “मग तिलाच म्हणा की, जा बाई चालत.”

ठाण्यात फोन केला. उत्तर मिळालं, नोटीस जवळ ठेवा, कुणी अडवत नाही. एवढं ऐकून आम्ही एप्रिलातल्या एका सकाळी निघालो. ठाण्यात बंदूक द्यायची आणि तसंच पुढं विजयपूरला मामींच्या भाचीच्या साखरपुड्याला जायचं, असा बेत होता. बंदूक डिकीत आडवी मावेना. मग मागची निम्मी सीट पाडून ती तिरपी घातली आणि उरलेल्या जागेत मामी तिरप्या बसल्या. नळी मोकळी, काडतुसं वेगळ्या डब्यात, आणि मामांच्या मांडीवर फाईल: परवाना, त्याच्या झेरॉक्स, ऑनलाइन नोंदीचा नंबर, आधार, सातबारा. सातबारा कशाला, असं मी विचारलं. “पीक कुठंय म्हणून विचारलं तर?”

शहर संपता संपता पहिला नाका लागला. मंडपाचं कापड, टेबल, पाण्याचा जार, दोन पोलिस, एक कॅमेरावाला आणि कुठल्याशा खात्यातून उचलून आणलेले एक साहेब. हे स्थिर सर्वेक्षण पथक. एवढ्या उन्हात त्याला स्थिर राहण्यावाचून गत्यंतरही नव्हतं. मामांनी काच खाली केली, छाती पुढं काढली.

“डिकीत काय?”

“बंदूक,” मामा म्हणाले. कित्येक दिवस हा शब्द तोंडात घोळवत होते.

“बरं. रोख किती आहे?”

मामांचा चेहरा उतरला. माणूस बंदूक म्हणतोय आणि हे पैसे विचारतायत! पण पथकाचं बरोबर होतं. निवडणुकीत पन्नास हजारांवर रोकड सापडली की तिचा हिशेब द्यावा लागतो, आणि मतदार बंदुकीपेक्षा नोटेला जास्त वश होतो हे आयोगाला कुणी शिकवायला नको. मामांच्या खिशात अकराशे निघाले. मग मामींची पिशवी उघडली. शेंगाचटणीचा डबा, कडक भाकऱ्या, साडी, आणि साडीच्या घडीत रुमालात बांधलेली नोटांची गड्डी. कॅमेऱ्यासमोर मोजणी झाली. अठ्ठेचाळीस हजार. कायद्याला दोन हजार कमी पडले. मामांना मात्र अठ्ठेचाळीस हजार जास्त झाले. हे पैसे त्यांनी जन्मात पाहिले नव्हते.

“कुठनं आले?” हा प्रश्न साहेबांनी नाही, मामांनी विचारला. चित्रीकरण चालू होतं, म्हणून मामींनी अत्यंत गोड आवाजात सांगितलं, “बचत गट.”

पुढचे काही किलोमीटर गाडीत बंदुकीपेक्षा स्फोटक शांतता होती.

तेरामैलला पुन्हा अडवलं. तेरामैल म्हणजे सोलापूरपासून तेरा मैल. किलोमीटर आले, गाव मैलातच राहिलं. इथला हवालदार हौशी होता. त्यानं बंदूक बाहेर काढायला लावली, खांद्याला लावून रस्त्यापलीकडच्या बाभळीवर नेम धरला आणि म्हणाला, “आमच्या आजोबांकडं ठासणीची होती.” मग दोघंही आजोबांच्या काळात गेले. मागं ट्रकांची रांग लागली. मी “मामा, निघायचं का?” म्हटलं की दोघंही वळून बघायचे. सोलापूरकडं पोलिसालाही मामाच म्हणतात. शेवटी त्यानं यंदा बेदाण्याला भाव काय लागला ते विचारलं, नोटीस उलटी धरून वाचली आणि आम्हाला सोडलं. परवाना बघायचा राहिलाच. मामांनी गाडी थांबवायला लावून स्वतः उतरून तो दाखवला.

ठाण्यात बाकावर सगळे बंदूकवाले ओळीनं बसले होते. अशी गर्दी एरवी आडतीवर दिसते. फरक एवढाच की इथं माल कुणाला विकायचा नव्हता आणि प्रत्येकाला आपलाच माल सरस वाटत होता. पाटील आधीच हजर होते. त्यांचं पिस्तूल, म्हणून ते मांडीवर ठेवून बसले होते. मामांनी दुनळी उभी धरली. उंचीत जिंकले.

मामांचा नंबर आला. अंमलदारांनी रजिस्टर ओढलं. नंबर वाचायला टॉर्च लागली, मग भिंग. मग ते म्हणाले, “उघडून दाखवा, मोकळी आहे का बघू.” मामांनी खटका दाबला. बंदूक उघडेना. अंमलदारांनी दाबला, नाही. पाटील मदतीला आले, हा सगळ्यात मोठा अपमान. अखेर मामींनी पर्समधली खोबरेलाची बाटली काढली, सांध्यावर चार थेंब सोडले आणि बंदूक कुरकुरत मान टाकून उघडली. अंमलदारांनी एक डोळा मिटून नळीत पाहिलं. उजेड दिसेना. काडी घातली, तेव्हा आतून मातीचा गोळा खाली पडला. कुंभारीण माशीनं घर केलं होतं, तेही चांगलं पक्कं.

“हे पण जमेत धरू का?” अंमलदारांनी विचारलं.

पावती झाली: दुनळी एक, काडतुसं दहा. पण कव्हर परत आलं. रजिस्टरात कव्हरला रकाना नव्हता. निकालानंतर आठवड्यानं हत्यार घेऊन जा, असं सांगून त्यांनी पुढच्याला हाक मारली. आम्ही ते लांबलचक रिकामं कव्हर घेऊन निघालो.

टाकळीच्या पुढं भीमा ओलांडली की कर्नाटक. मामांचा परवाना महाराष्ट्रापुरता, तेव्हा बंदूक सोबत नाही हे बरंच होतं. पलीकडं धूळखेडलाही नाका, कारण विजयपूरचं मतदानही आपल्यासारखंच ७ मेला. डिकी उघडली. कव्हर बाहेर आलं. बंदूक असताना जिथं कुणी भुवई उचलली नव्हती, तिथं बंदूक नसताना तिघं धावत आले.

“बंदूक एल्लि?”

“ठाणेदाग ऐति,” मामा म्हणाले. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना सीमा फक्त नकाशावर दिसते, जिभेवर नाही. पण पावती मराठीत होती. नाक्यावरच्या तिघांत एकालाच मराठी येत होतं आणि तो जेवायला गेला होता. सीटखाली बघितलं, टपावर बघितलं, स्टेपनीची जागा बघितली. मामींच्या पिशवीकडं हात गेला, तेव्हा मामा मध्ये पडले. ते पैसे परत कॅमेऱ्यापुढं यायला नको होते. घरातली गोष्ट. मराठीवाला जेवून आला, त्यानं पावती वाचली, आम्हाला भर उन्हात ताक पाजलं आणि जाऊ दिलं.

साखरपुडा संध्याकाळी होता, म्हणून विजयपुरात मामांना शेरझा बुरुजावर नेलं, मलिक-ए-मैदान दाखवायला. तोफेच्या तोंडाशी सिंहाचा जबडा आणि जबड्यात हत्ती. मामा बघतच राहिले. १५४९मध्ये अहमदनगरला महंमद बिन हसन रूमी नावाच्या कारागिरानं ती ओतली. वजन सुमारे पंचावन्न टन. पुढं परंड्याच्या किल्ल्यात होती, तिथून १६३२मध्ये विजापूरला आणली. परंडा म्हणजे आमच्या बार्शीच्या शेजारी. म्हणजे भीमा तिनंही ओलांडली, मामांच्या आधी. जोडीची कडक बिजली वाटेत नदीत बुडाली, असं सांगतात. ही बार करताना गोलंदाज बत्ती देऊन पाण्याच्या टाक्यात उडी मारायचा, असंही सांगतात. ते ऐकून मामांनी समाधानानं मान डोलावली. बार न काढण्यामागं त्यांचंही काहीतरी तसंच धोरण असावं.

“ओढली कशानं?”

“चारशे बैल, दहा हत्ती, शेकडो माणसं,” मी म्हणालो. “आणि १८५४मध्ये इंग्रजांनी लिलावात काढली. दीडशे रुपयांना गेली होती. मग तो लिलावच रद्द केला.”

“दीडशे?” मामांनी तोफेवर हात ठेवला. तापलेली होती, पटकन काढून घेतला. “दीडशेला आपल्या पणजोबांनी सुद्धा घेतली असती की.”

“रद्द केला ते देवाची कृपा,” बुरुजाच्या सावलीत बसलेल्या मामी म्हणाल्या. “नायतर दर इलेक्शनला ठाण्यात जमा करायला चारशे बैल कुठनं आणले असते? तुमच्या त्या अकराशेत?”