खार माणसाळवावी कशी : बोरसी पद्धत

साहित्य : खारीचं एक पिलू, बुटाचं खोकं, कापूस, ड्रॉपर आणि एक धाकटं भावंड. शेवटची वस्तू बहुधा घरातच असते.

ही पद्धत आमच्या दादाने भिलाईजवळच्या बोरसीत सिद्ध केली. बाबा भिलाई स्टीलमध्ये. त्यांना नाइट शिफ्ट लागली की प्रयोगशाळा उघडी. दादाचं म्हणणं असं, की हेमलकशात प्रकाश आमट्यांच्या अंगाखांद्यावर बिबटे खेळतात, आणि त्यांची सुरुवातही माकडाच्या पिलापासूनच झाली. मग आपण खारीपासून करायला काय हरकत आहे? हरकत कुणी घेतली नाही, कारण विचारलं फक्त मला होतं.

नियम पहिला. पिलू पडलेलं दिसलं की लगेच घरात आणू नये. कापसाच्या उबेत, उघड्या खोक्यात, झाडाखालीच ठेवावं आणि लांबून लक्ष ठेवावं. माणसाचा हात लागला की आई पिलू टाकते, ही निव्वळ अफवा. खार येते, पिलू तोंडात धरते आणि निघून जाते. दादाने हा नियम काटेकोरपणे पाळला, म्हणजे मला पेरूजवळ उभं करून तो क्रिकेट खेळायला गेला. दिवेलागणीपर्यंत आई आली नाही. आली ती माझी, ओरडत.

नियम दुसरा. पट्टे मोजावेत. आजी म्हणायची, सेतू बांधताना रामाने तीन बोटं फिरवली म्हणून तीन पट्टे. आमच्या पिलाला पाच. दक्षिणेतल्या खारीला तीन आणि उत्तरेकडच्या खारीला पाच, असं पुस्तकात आहे. पण दादा पुस्तकावर थांबणारा नव्हे. छत्तीसगड म्हणजे कौसल्येचं माहेर, इथले मामे भाच्याला राम मानून त्याच्या पाया पडतात. एवढे लाड होत असताना आजोळी आलेला मुलगा तीन बोटांवर थांबेल होय? आजीने दादाची दृष्ट काढली.

नियम तिसरा. आधी ऊब, मग पोट. गारठलेल्या पिलाला पाजलेलं पचत नाही. गाई-म्हशीच्या दुधाने हगवण लागते. काय द्यावं ते जनावरांच्या डॉक्टरला विचारावं. (मला विचारायला पाठवलं.) पाजताना पिलू उताणं धरू नये. पोटावर बसवून थेंब थेंब द्यावा. घाई केली की नाकाशी बुडबुडा येतो आणि दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसावं. आई चाटून हेच करते. ते केल्याशिवाय इतकं लहान पिलू मुतत नाही. हे काम दादाने कायमचं माझ्याकडे सोपवलं. ‘तुझे हात मऊ आहेत,’ म्हणाला. तेवढ्या एका वाक्यावर मी रात्री-अपरात्री उठत होतो.

नियम चौथा. मदतनिसाची निगा. कौतुक ड्रॉपरनेच पाजावं. चुकला तर रागावू नये; ‘मीच केलं असतं, पण...’ एवढं म्हणून खिडकीबाहेर पाहावं. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढतात, कुरतडायला सतत काहीतरी लागतं. त्यासाठी मदतनिसाच्या पेन्सिली उत्तम.

नियम पाचवा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972चा, भिलाईच्या प्राणिसंग्रहालयाच्या, म्हणजे मैत्रीबागेच्याच वयाचा. हल्ली पिलू सापडलं तर वनखात्याला कळवावं. आमच्या घरी तेव्हा कायदा फक्त दादाचा होता.

नियम सहावा. खार मोठी झाली की गादी उसवते, कापूस पळवते आणि पडद्याच्या दांडीमागे घरटं करते. मार दादाने खावा. (तो मात्र त्यानेच खाल्ला, हे सांगायला हवं. माझं नावही घेतलं नाही.) पुढे ती आपली आपण पेरूवर जाते. आपण त्याला पुनर्वसन म्हणावं.

दादा आता पुण्यात असतो. लग्नाकार्यात पाच पट्ट्यांची गोष्ट सांगतो. तीत ड्रॉपर त्याच्या हातात असतो. परवा त्याचा फोन आला. मुलीने जिन्याखालून मांजराची तीन पिल्लं आणली आहेत, डोळेसुद्धा उघडले नाहीत. ‘चार दिवस येऊन जा. मीच केलं असतं, पण...’

आझाद हिंद एक्स्प्रेसचं तत्काळ तिकीट मिळालंय. वरचा बर्थ.