न बुडालेल्याचा पंचनामा

पंधराव्या वित्त आयोगाने आपत्तीच्या शंभर रुपयांची वाटणी अशी केली: मदतकार्याला ४०, पुनर्बांधणीला ३०, धोका कमी करायला २० आणि पूर्वतयारीला १०. हे दहा तरी चालू ठेवा, असं आपत्ती व्यवस्थापनवाले म्हणतात. बिचाऱ्यांची अडचण अशी, की काम नीट झालं तर दाखवायला काही उरतच नाही. न बुडालेल्या दुकानाचा पंचनामा कोण करणार?

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर नदी चाळीसगावात शिरली, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. मग पाहणी दौरे झाले. दौऱ्याला चिखल लागतोच. त्याशिवाय फोटो उठत नाही. धुळ्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, पण भर मे महिन्यात दोरखंडाच्या गाठी मारणाऱ्या जवानाकडे कोण फिरकणार? हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले, हे मात्र आम्ही क्रिकेटच्या धावांसारखं विचारत असतो. खाली तापीकाठच्या गावात दवंडी पोचली का, हे विचारायचं राहून जातं.

तेव्हा निधीच्या पुढच्या प्रस्तावासोबत साहेबांनी एखादा लहानसा पूर जोडावा. साक्षांकित, दोन प्रतींत.