बिघडलेल्या गावांचे नाना

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानं 1850 साली माथेरान शोधलं, असं आपण शाळेत शिकलो. आमच्या नानांच्या मते त्यानं ते त्या साली बिघडवलं. "शोधलं कसलं डोंबल! ठाकर, धनगर तिथं होतेच की. हा गेला, बंगला बांधला, संपलं. बिघडलं!"

हे 'बिघडलं' तुम्ही ऐकलेलं असणार. तुमच्या सोसायटीत, ऑफिसात किंवा सासुरवाडीला एक नाना असतातच. आंब्याच्या पेटीत हात घालून, तळचा हापूस दाबून पाहत एखाद्या काकूंनी निकाल द्यावा, त्या सुरात नाना गावांचे निकाल देतात. कास पठार? फी लावली, बिघडलं. भंडारदऱ्याचे काजवे? काजव्यांपेक्षा गाड्यांचे दिवे जास्त, बिघडलं. पँगाँग? 2009 मध्ये 'थ्री इडियट्स' आला आणि तळ्याकाठी फोटोसाठी पिवळ्या स्कुटरी उभ्या राहिल्या. "स्कुटर! चौदा हजार फुटांवर!" हे सांगताना नानांचा आवाज खरोखर कापतो. छितकुलला 'हिंदुस्तान का आखरी ढाबा' अशी पाटी आहे, तिच्यावर तर नाना अर्धा तास बोलू शकतात. आपण कुठूनही आलो आणि उत्साहानं फोटो दाखवायला लागलो, की नाना एक फोटो पाहतात, मोबाइल हळूच आपल्या हातात परत ठेवतात आणि म्हणतात, "आम्ही गेलो तेव्हा पाहायला हवं होतं."

गाव बिघडलंय की नाही, हे ठरवायची त्यांची पद्धत पक्की आहे. उतरल्याबरोबर देऊळ नाही, देखावा नाही, आधी बाजारात जायचं आणि लॅमिनेट केलेलं मेन्यूकार्ड शोधायचं. ते सापडलं की अर्धा निकाल लागला. त्यावर 'हनी चिली पोटॅटो' असेल तर पूर्ण. मग मुक्कामाच्या खोलीत जाऊन न्हाणीघर उघडायचं. गिझर दिसला की नानांचा चेहरा पडतो आणि नेमका त्याच क्षणी वहिनींचा उजळतो. या दोघांचा संसार इतकी वर्षं गिझरच्या दोन बाजूंनी चालला आहे.

गंमत अशी, की न बिघडलेलं गाव सापडलं की नानांना ते पोटात ठेवता येत नाही. ज्येष्ठ नागरिक संघात त्यांचं 'अनवट हिमालय' हे स्लाइड-व्याख्यान असतं. हॉल भरतो. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'कृपया कुणाला सांगू नका'. त्यानंतर प्रश्नोत्तरं होतात आणि नाना जायचं कसं, उतरायचं कुठे, हे खालच्या आवाजात पण माइकवर सांगतात. रात्री ग्रुपवर नकाशा येतो.

पांगीचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका कथेमुळे. हिमाचलातल्या चंबा जिल्ह्याचं हे खोरं, त्याचं मुख्य ठिकाण किलाड. चंब्याहून जायचं तर मध्ये साच पास, जवळपास 4,400 मीटर उंच आणि वर्षातले निम्म्याहून जास्त महिने बर्फानं बंद. जुन्या काळी पांगीत बदली झालेल्या सरकारी नोकराला निघतानाच कफनाचा खर्च हातात देत, कारण तो परत येईल याची खात्री नसे, असं तिकडे आजही सांगतात. नानांनी हे वाचलं आणि उठून येरझाऱ्या घालायला लागले. "याला म्हणतात गाव! जायच्या आधीच सरकार तुमचं उरकून टाकतंय!"

"आणि आपलं कोण उरकणार?" वहिनींनी विचारलं. पण तोवर पठाणकोटची तिकिटं निघाली होती. त्यात आमचीही होती.

पठाणकोटहून गाडी केली. वाटेत डलहौसी लागलं. मी सहज म्हटलं, नाना, इथे चहा घेऊ. नानांनी खिडकीची काचसुद्धा खाली केली नाही. "इंग्रजांनी 1854 साली वसवलंय हे. जन्मतःच बिघडलेलं." चहा पुढे एका वळणावर, रस्त्याकडेच्या दगडावर बसून प्यालो. चहा वाईट होता, म्हणून नाना खूश होते.

बैरागढनंतर डांबर संपतं आणि गाडीतली संभाषणंही संपतात. रस्त्यावरून झरे वाहतात, ड्रायव्हर त्यांना 'नाला' म्हणतो आणि प्रत्येक नाल्याच्या आधी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावतो. सत्रुंडीला पोलिसांची चौकी आहे. तिथं वहीत नाव, गाव, गाडीचा नंबर लिहायचा. आम्ही लिहून बाहेर आलो तरी नाना आतच. जाऊन पाहतो तर ते वहीची मागची पानं उलटत होते. नाव-गावाच्या रकान्यावरून बोट खाली सरकत होतं. 'पुणे' दिसलं की बोट थांबायचं आणि नाना जिभेनं 'च्' करायचे. नंतर 'पुणे', 'डोंबिवली', पुन्हा 'पुणे', एक 'इचलकरंजी'. हवालदाराला वाटलं साहेब तपासणीला आले आहेत. तो उठून उभा राहिला आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

"इचलकरंजीसुद्धा!" नाना गाडीत बसत म्हणाले. खिंड येईपर्यंत ते बोलले नाहीत. वर बर्फाची भिंत कापून काढलेल्या वाटेत गाडी थांबली, आम्ही उतरलो, वारा कानात शिरला. खालच्या बाजूला पांगीचा सगळा खोलगटपणा उघडा पडला होता. तेव्हा मात्र नानांनी टोपी काढून हातात धरली आणि काहीही न म्हणता उभे राहिले. माझ्या हिशेबी ही पावतीच.

किलाड उतारावर बसलेलं आहे. पत्र्याची छपरं, एक बाजाराची गल्ली आणि खाली खोल घळीतून चंद्रभागा. लाहौलमध्ये तांडीला चंद्रा आणि भागा मिळतात तिथून तिचं हे नाव, पुढे जम्मूत हीच चिनाब होते. नदीचं नाव कळताच वहिनींनी तिथूनच पंढरपूरच्या दिशेनं हात जोडले. दिशा बहुधा चुकली होती, पण कुणी दुरुस्त केली नाही. बाजारात गमबूट, नायलॉनचे दोर, साखरेची पोती, सौरदिवे, आणि एका पोत्यात थांगी, म्हणजे पांगीचं ते प्रसिद्ध हेझलनट. पर्यटकाला लागतं असं काहीच नाही. माहितीकेंद्र नाही, टॅक्सीस्टँड नाही, पिक्चर पोस्टकार्ड नाही. आमच्या फोनना रेंज नव्हती. एका दुकानदाराला मी विचारलं, इथं बघण्यासारखं काय आहे? त्यानं बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "देखने को? आज तो आप आए हो. हम आपको देख रहे हैं।"

नाना खुलले. सरकारी रेस्ट हाऊसच्या न्हाणीघरात गिझर नव्हता. चौकीदार चुलीवर तापवून बादलीभर पाणी आणून देई. वहिनींनी घरून आणलेली कॉइल लावली, तर गावाची वीजच गेली. कॉइलमुळे गेली नव्हती, पण वहिनी दोन दिवस सगळ्यांकडे अपराधी चेहऱ्यानं पाहत होत्या. जेवायला राजमा-भात, रात्री राजमा-भात, आणि हवापालट म्हणून मॅगी. नदीपलीकडे मिंधल गावात देवीचं देऊळ आहे. तिच्या आज्ञेनुसार तिथे एकाच बैलानं नांगरतात, अशी श्रद्धा आहे. नानांना हे इतकं आवडलं, की त्यांनी वहीत टिपून घेतलं आणि म्हणाले, "दुसरा बैल आणला की बिघडलं!"

पण मेन्यूकार्ड शोधायचं राहिलं होतं. तिसऱ्या फेरीत गल्लीच्या टोकाच्या टपरीत ते सापडलं. लॅमिनेट केलेलं होतं. नानांनी चष्मा लावला. मोमो, चाऊमीन, आणि अगदी खाली, पेननं नंतर वाढवलेलं, हनी चिली पोटॅटो. नाना बाकावर बसले.

शेजारी चिखलानं माखलेली बुलेटवाली मुलं मॅगी खात होती. मराठी बोलत होती. त्यातल्या एकानं, चोवीस-पंचविशीचा असेल, नानांचा चेहरा पाहून विचारपूस केली. नाना म्हणाले, अरे, इतक्या लांब आलो आणि इथंही हे! त्यावर त्या पोरानं घास गिळला आणि आपुलकीनं सांगितलं, "काका, तुम्ही थोडं लेट झालात. टनेलच्या आधी यायला हवं होतं. आता कमर्शियल झालंय."

रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झाला आणि मनालीहून उदयपूरमार्गे किलाडला येणं सोपं झालं. त्याआधी हा मुलगा शाळा-कॉलेजात असणार. पण नानांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'उशिरा आलात' असं सांगितलं होतं. मी वहिनींकडे पाहिलं. त्या पदरात तोंड लपवून हसत होत्या. मीही मॅगीत मान घातली.

त्या रात्री पुन्हा वीज नव्हती. चौकीदार कंदील घेऊन बसला होता. नानांनी त्याच्यापुढे आपल्या हिंदीत गाऱ्हाणं मांडलं. रास्ता आया, टनेल आया, पब्लिक आएगा, सब बिगड जाएगा. चौकीदार ऐकत होता. पांगीच्या जुन्या घरांत खाली गुरं असतात आणि हिवाळ्यात माणसंही त्यांच्याच उबेला उतरतात, खोरं बंद झालं की आजारी माणसाला बाहेर काढायला सरकारी हेलिकॉप्टर, तेही आकाश मोकळं असेल तर, असं त्यानं दिवसा आम्हाला सहज सांगितलं होतं. आता त्यानं त्याच्या आईबद्दल सांगितलं. माघातले दिवस होते. पोटात दुखत होतं. चार दिवस आकाश मोकळं झालं नाही. एवढंच सांगून तो कंदिलाची काच पुसायला लागला. मग म्हणाला, "थोड़ा और पहले बिगड़ता तो अच्छा था, साहब।"

नानांना उत्तर द्यायची सवय आहे. ते त्यांनी दिलं नाही. बऱ्याच वेळानं ते मला मराठीत सांगू लागले, तेही जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात पहिली एसटी आली तेव्हा त्यांच्या वडिलांनी चाकापुढे नारळ फोडला. ड्रायव्हरला हार घातला, कंडक्टरला पोहे दिले. पुढे मॅट्रिक झाल्यावर त्याच एसटीनं नाना मुंबईला आले. नंतर भाऊ आले, चुलत भाऊ आले. घराला कुलूप लागलं. "आमचं गाव," ते म्हणाले, "अजिबात बिघडलेलं नाही. कारण तिथं कुणी राहतच नाही."

नानांबद्दल एक गोष्ट सांगायची मी टाळत होतो, कारण ती सांगितली की त्यांच्यावर मनसोक्त चिडता येत नाही. नाना प्रवासात माणसांचे फोटो काढतात, सगळेच काढतात. पण नाना परत आल्यावर ते छापून घेतात आणि ज्याचे त्याला पोचपावतीसह पोस्टानं पाठवतात. टपरीवाला, शाळेतली पोरं, कणसं भाजणारी म्हातारी, एकदा तर दंड करणारा ट्रॅफिक हवालदार. पत्ता म्हणून काय लिहितात म्हणाल तर 'पुलाजवळ दुकान, मिशा आहेत'. पाकिटं पोचतात. त्यांच्या कपाटात पोचपावत्यांचा गठ्ठा आहे. त्यावर कुठं सही, कुठं अंगठा. किलाडहून परतल्यावर सत्रुंडीच्या हवालदारालाही फोटो गेला. वरचं बटण लावलेला.

असे हे नाना. आता हिवाळा सरत आला आहे. तिकडे पांगीत जुकारूचा सण होऊन गेला असेल. परवा मी पेपर मागायला त्यांच्याकडे गेलो, तर नाना फोनवर ओरडत होते. ओरडण्याची पद्धत लांब पल्ल्याची होती, म्हणून मी थांबलो. पलीकडे किलाडचा चौकीदार होता. त्याच्या भावानं घराच्या वर दोन खोल्या काढल्या आहेत, उन्हाळ्यात पाहुणे घेणार आहे.

"राई पहले! कांदा बाद में!" नाना सांगत होते. "पोहा भिगोने का नहीं, सिर्फ धोने का. शेंगदाणा नहीं मिलता? तो थांगी डालो, चलेगा." मग थोडा वेळ ऐकून एकदम भडकले. "आठ सौ? पागल है क्या? बारा सौ बोलो! पुणे का आदमी है, आठ सौ पे वो खुद लाएगा!"

मला पाहून ते जरासे वरमले. फोनवर हात ठेवून, आवाज उतरवून त्यांनी मला विचारलं, "थंडीत टिकणारा गिझर कुठला रे चांगला?"

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "पंधरा लिटरचा घ्यायला सांगा!"